पैठण ते वेरूळ, दोन ड्रम बोटुकली

वेरूळ मी सत्तर वर्षांत पाहिलं नव्हतं. आमचं गाव नाथसागराच्या दक्षिण काठावर. वेरूळ एका दिवसाच्या वाटेवर, पण कोणी नेलं नाही आणि मीही हट्ट केला नाही. आम्ही भोई. जन्म पाण्याच्या काठाला गेला, डोंगरात कोरलेले देव बघायला सवड कोणाला होती? यंदा भाद्रपदात गेले ती देवासाठी नाही, माशांसाठी गेले. परत आल्यापासून काठावरच्या बायका रोज विचारतात, काय झालं, कसं झालं. सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहून काढते. शाळा चौथीपर्यंत झाली आहे. अक्षर वाचता येईल असं आहे.

जायचं कारण असं. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सुनीता वेरूळच्या पुढच्या एका गावात दिली आहे. तिथं पंधरा बायकांचा बचत गट आहे. ग्रामपंचायतीने त्यांना गावचा पाझर तलाव मासे पाळायला दिला. दोन वर्षं त्यांनी बोटुकली सोडली. बोटुकली म्हणजे बोटाएवढं माशाचं पिल्लू. दोन्ही वर्षी तिसऱ्या दिवशी पांढरी पोटं पाण्यावर. गावात हसं झालं. सरपंचाच्या मेहुण्याला तो तलाव हवाच होता. मग सरपंचाने सांगितलं की ही शेवटची खेप. बोटुकली सोडताना त्यातली शंभर जाळीच्या पिंजऱ्यात घालून तलावातच दोन रात्री ठेवायची, आणि नंतर सगळ्यांसमोर मोजायची. ऐंशी जगली तर तलाव पाच वर्षं बायकांचा. नाही जगली तर मेहुण्याचा.

सुनीताचा फोन आला. "मावशी, तूच ये. तुझ्या हातची मासळी मरत नाय म्हणत्यात."

"माझ्या हातची मासळी कढईत मरते," मी म्हटलं. "पण येते."

पैठण, सोमवार

एसटीने पैठणला उतरले तेव्हा सुनीता आधीच आली होती. सोबत टेम्पोवाला सलीम. हा शहरात राहतो, गटाचा माल तोच नेतो-आणतो. त्याने मला पाहिलं आणि सुनीताला म्हणाला, "ये खालाको तुम मच्छी संभालनेको लाए? इनको कौन संभालेगा?"

"तू गाडी सांभाळ," मी म्हटलं. तो हसला. माणूस वाईट नाही, तोंड मात्र बंद होत नाही.

बीज केंद्रावर आम्ही रोहू, कटला आणि मृगळ अशी मिळून दोन हजार बोटुकली निवडली. निवडायची म्हणजे हातात घेऊन बघायची. जी ओंजळीत तडफडते ती घ्यायची, जी गप्प पडते ती परत टाकायची. मग सगळी एका जाळीच्या कप्प्यात रात्रभर उपाशी ठेवली. पोट भरलेला मासा वाटेत पाण्यात घाण करतो आणि त्याच घाणीत मरतो. सुनीताला हे ठाऊक नव्हतं. मागच्या दोन्ही वेळा त्यांनी निघताना माशांना पोटभर पेंड घातली होती, लांबचा प्रवास आहे म्हणून. माणसाला डबा बांधून देतात तसं. मला वाटलं, मरण्याचं कारण सापडलं. ते अर्धंच कारण होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

जेवण सुनीताच्या ओळखीच्या घरी झालं. मासळीचं कालवण होतं आणि त्यात बटाटा घातला होता. मी विचारलं, हा कशाला? घरची बाई म्हणाली, "माणसं वाढली, भागवायला नको का?" आमच्याकडं माणसं वाढली तर रस्सा वाढतो, बटाटा येत नाही. खाल्लं. चव वाईट नव्हती, पण मासळीने बटाट्याची संगत धरली की ती मासळी राहत नाही.

शहर, मंगळवार

सकाळी लवकर दोन निळे ड्रम केंद्राच्या पाण्याने भरले. एकेकात हजार बोटुकली सोडली, बॅटरीवरच्या पंपाच्या नळ्या आत घातल्या, तोंडाला ओलं फडकं बांधलं. बांधायच्या आधी मी पिशवीतलं खडेमीठ काढून दोन्ही ड्रमांत घातलं. शंभर लिटरला पाव किलो, हा आमचा अंदाज. सासूने शिकवला. पूर्वी आम्ही हंड्यातून डोक्यावर बोटुकली वाहायचो, तेव्हा हंड्याला चिमूट असायची.

सुनीताचा चेहरा उतरला. "मावशी, ही गोड्या पाण्याची मासळी हाय. मिठानं मरंल."

"नाही मरत."

"का नाय मरत?"

"सासू घालायची म्हणून."

हे उत्तर झालं नाही, हे मलाही कळत होतं. पण दुसरं माझ्याजवळ नव्हतं. मी आजवर धरून चालले होते की मिठाने पाण्यातली कीड मरते.

रस्ता चांगला आहे. बिडकीनच्या पुढं कारखाने लागतात, एवढे मोठे की आत किती माणसं असतील याचा अंदाज येत नाही. मी सगळा वेळ मागं ड्रमांजवळ बसले होते. दर थोड्या वेळाने फडक्याखालून हात घालून बघायचं, मासे हाताला टकरा देतात का. देत होते.

शहरात पैठण गेटाच्या अलीकडं टेम्पोची क्लच वायर तुटली. सलीमने ढकलत एका गल्लीतल्या गॅरेजला लावला. म्हणाला, "खाला, आधा घंटा. फिकर नको करू." दोन तास लागले. त्याचं घर त्याच गल्लीत होतं. त्याची बहीण नसरीन शाळेतून आली होती. ही आठवीला विज्ञान शिकवते, सव्वीसएक वर्षांची, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. तिने मला जेवायला नेलं. सुनीता म्हणाली, "तू जा मावशी, मी बसते ड्रमापाशी."

नान-खलिया खाल्ला. आमच्याकडं मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करतात. इथला नान पिवळा, मऊ आणि ताटाएवढा, त्याचे तुकडे रश्श्यात बुडवून खायचे. नसरीनची आई वाढायला बसली की नको म्हणायची सोय नाही. मी दोन नान खाल्ले, या वयात. तेवढं सोडलं तर त्या दुपारी माझी काही चूक नव्हती.

परत आलो तर गॅरेजच्या भिंतीला पाण्याचे रिकामे जार ओळीने ठेवलेले. सुनीता पदराने तोंड पुसत होती. मी एका ड्रममध्ये हात घातला. टकरा. दुसऱ्यात हात घातला. काही नाही. फडकं काढलं. मासे वर आले होते, आडवे पडत होते, पुन्हा सरळ होत होते, कल्ले भराभर उघडत-मिटत होते. आणि पाणी काचेसारखं स्वच्छ.

मी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. पाण्याला चवच नव्हती.

"काय केलंस?"

सुनीता रडायला लागली. "मिठाचं पाणी काढून टाकलं. जारचं भरलं, पलीकडच्या दुकानातलं. फिल्टरचं हाय मावशी, एकदम शुद्ध. थंडबी नव्हतं, साधंच. दोन्हीचं बदलणार होते, पण तू आलीस."

"मागच्या दोन्ही वेळा कशातून नेली होती?"

ती रिकामे जार सरळ करायला लागली.

"सुनीते."

"जारच्याच. बोअरच्या पाण्यात लई क्षार हाय म्हणून. आम्ही म्हटलं पिल्लांना तरी चांगलं पाणी."

आता हे आमच्या मुलखात राहणाऱ्यालाच कळेल. इथं बोअरच्या पाण्याने भांडी पांढरी होतात, डाळ शिजत नाही, मुतखडे होतात. क्षार म्हटलं की बायका शिवी दिल्यासारखं तोंड करतात. घरात पाहुणा आला की त्याला जारचं पाणी. पंधरा जणींनी मिळून माशांचा पाहुणचार केला होता, दोन वर्षं.

मी सलीमला म्हटलं, "बोअरचं पाणी आण. बादल्या भरून. आणि मीठ."

"मीठ नको," सुनीता म्हणाली आणि माझा हात धरला. "मावशी, पाया पडते. हे मेले तर तलाव गेला. मी गावाला काय तोंड दाखवू?"

तेव्हा नसरीन मधे पडली. "ताई, हात सोडा त्यांचा. आजी बरोबर करताहेत."

"तुला काय ठाऊक?" मी विचारलं. मला मदत हवी होती, पण पुरावाही हवा होता.

"माशाच्या रक्तात मीठ असतं, आजी. तळ्याच्या पाण्यात त्याच्यापेक्षा कितीतरी कमी. आणि कल्ल्याची कातडी एवढी पातळ, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. त्यातून पाणी सारखं आत शिरतं आणि मीठ सारखं बाहेर गळतं. रात्रंदिवस."

"भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं? पाणी आत शिरतं?"

"तसंच."

"मग मासा फुगून फुटत का नाही?"

"मुततो," नसरीन म्हणाली. सलीम बादली घेऊन उभा होता तो हसला. "हसतोस काय, सायन्स आहे. तो पाणी जवळजवळ पीतच नाही, आणि पातळ लघवी सारखी करत राहतो. आलेलं पाणी असं बाहेर काढतो. पण मीठ गळालेलं असतं ना, ते भरून कसं काढायचं? तर कल्ल्यांतच काही पेशी असतात. त्या पाण्यातलं उरलंसुरलं मीठ ओढून आत घेतात. त्याला ताकद लागते, पण गोड्या पाण्यातला मासा जन्मभर हेच काम करतो."

सुनीताने विचारलं, "मग जारच्या पाण्यात?"

"ओढायला काही ठेवलेलंच नसतं, ताई. फिल्टरने सगळं काढून टाकलेलं. आणि जाळ्यात धरलेला, हाताळलेला मासा घाबरतो, अंगावरचा चिकटा निघतो, मग मीठ दुप्पट गळतं. वर तुमचे ते क्षार, म्हणजे पाण्यातला चुना. तो चुना कल्ल्याची कातडी घट्ट ठेवतो. तोही काढला, की गळती आणखी वाढते. थोडं मीठ पाण्यात घातलं की आतलं-बाहेरचं अंतर कमी होतं. गळती कमी, कष्ट कमी."

"थोडं," मी म्हटलं. "मूठभर ठीक, पोतंभर नाही."

"हो. पोतंभर घातलं तर उलटं होईल, आतलं पाणीच बाहेर ओढलं जाईल. कैरीला मीठ लावल्यावर सुटतं तसं."

मी पन्नास वर्षं मीठ घातलं आणि कीड मरते म्हणत बसले. सासू काही म्हणायचीच नाही, नुसतं घालायची. तिला का ते ठाऊक असेल असं मला वाटत नाही. पण तिच्या हंड्यातले मासे जगायचे हे तिने पाहिलं होतं, आणि ते पुरेसं होतं.

आम्ही एकदम पाणी बदललं नाही. ड्रममधलं थोडं काढायचं, बोअरचं थोडं घालायचं, थांबायचं. मीठ वेगळ्या बादलीत विरघळवून तेही थोडं थोडं. सुनीताने स्वतः ओतलं. मी मुद्दाम तिच्याच हाताने ओतायला लावलं. अर्ध्या तासाने आडवे पडणारे कमी झाले. चाळीसएक मेले, ते काढून टाकले. क्लच वायर बसली. निघालो.

दौलताबादच्या वेशीत गाड्या अडकल्या होत्या. वर किल्ला, खाली कणसं भाजणाऱ्या बायका, आणि दगडी दरवाजातून एका वेळी एकच मोठी गाडी जाते. सलीम शिव्या देत होता. मी कणीस घेतलं आणि ड्रममध्ये हात घालून बसले. खुलताबादचा घाट चढताना सलीमला सांगितलं, सावकाश. त्याने ऐकलं, म्हणजे त्याला आता माझा वचक बसला होता.

तलाव, मंगळवारीच, ऊन उतरताना

तलाव लहान आहे पण देखणा. मागं डोंगर, एका अंगाला मक्याची शेतं. बांधावर गटाच्या बायका आणि अर्धं गाव जमलेलं. सरपंच खुर्ची आणून बसला होता. पन्नाशीचा, पांढरे कपडे, हातात मोबाइल.

"आज्जी, एवढ्या लांबून आलात," तो म्हणाला. "उगा तसदी घेतली. आमच्या तलावाच्या पाण्यालाच माशाचा राग हाय."

"पाण्याला राग येत नाही," मी म्हटलं.

तलावाचं पाणी ड्रममध्ये थोडं थोडं मिसळत मी अर्धा तास घालवला. लोक कंटाळले. एक जण म्हणाला, मासे सोडताहेत की हळद लावताहेत. मग मी दोन पिंजरे पाण्यात बांधायला लावले.

सुनीता कानाशी आली. "दोन कशाला? एकच ठेवू. चांगल्या ड्रमातली शंभर घालू."

"आणि दुसऱ्या ड्रमातली तलावात मेली तर? पांढरी पोटं लपवशील कुठं?"

"तवाचं तवा बघू. पाच वर्षं तरी हातात येतील."

"मला खरं कळायला पाहिजे," मी म्हटलं. प्रत्येक ड्रममधली शंभर मोजून वेगवेगळ्या पिंजऱ्यांत घातली, बाकीची तलावात सोडली. सुनीता त्या रात्री माझ्याशी बोलली नाही. भाकरी वाढली तीही आपटून. मला राग आला नाही. तिचं बरंच पणाला लागलं होतं, माझं फक्त नाव.

वेरूळ, बुधवार

घरात बसून तोंडं बघण्यापेक्षा मी वेरूळला जायचं ठरवलं. सुनीता आली, न बोलता. आधी घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं. रांग मोठी. मग लेणी.

कैलास लेणं कसं आहे ते मला लिहिता येणार नाही, ज्याने-त्याने बघावं. एवढं सांगते की ते डोंगराच्या माथ्यावरून खाली कोरत आणलं आहे, असं तिथला माणूस सांगत होता. पायापासून नाही, कळसापासून. म्हणजे एक छिन्नी चुकली तर ठिगळ लावायची सोय नाही. मी बराच वेळ उभी राहिले. पाय दुखले तरी बसले नाही.

एका कोपऱ्यात तीन नद्यांच्या देवी आहेत. गंगा मगरीसारख्या एका जनावरावर उभी. मी जवळून पाहिलं. तोंड मगरीचं म्हणावं तर नाही, अंग माशाचं म्हणावं तर तेही नाही. कोरणाऱ्याने नदी पाहिली असेल, जाळं टाकलं नसेल. हे मी मोठ्याने म्हटलं, आणि सुनीता दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

तिथंच पायरीवर बसून ती म्हणाली, "मावशी, मीच गटाला सांगितलं व्हतं जारचं पाणी घाला म्हणून. दोन्ही वर्षी. त्यांना ठाऊक नाय की त्यानं मेले. मेहुण्यानं जहर टाकलं असं समद्या बायका समजत्यात. मीबी तसंच बोलले."

"मग उद्या खरं सांग."

"जगले तर सांगंन."

"मेले तरी सांगायचं," मी म्हटलं. "नाहीतर पुढची बाई पुन्हा जार विकत आणील."

येताना तिने माझी पिशवी धरली.

तलाव, गुरुवार

सकाळी आठला बांधावर सगळे हजर. मेहुणाही आला होता, नवं जाळं घेऊन. त्याची खात्री होती.

दोन पिंजरे पाहून सरपंचाने विचारलं, "ह्ये दोन कसे?"

मला उत्तर द्यायचं होतं, पण सुनीता पुढं झाली. पंधरा बायका, सरपंच, मेहुणा, सगळ्यांच्या देखत तिने सांगितलं. जारच्या पाण्याने मागचे मासे मेले, कोणी जहर टाकलं नव्हतं, जारचं पाणी घालायला तीच म्हणाली होती. या वेळीही एका ड्रममध्ये तिनेच घातलं. डावा पिंजरा चांगल्या ड्रमचा, उजवा जारवाल्या ड्रमचा.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मेहुणा म्हणाला, "म्हंजी दोन वर्षं मला शिव्या खायला घातल्या व्हय?"

"व्हय," सुनीता म्हणाली. "चुकलं."

सरपंच खुर्चीतून उठला. "मग उजवाच मोजू. एकच मोजायचा ठरला व्हता, कोणता ते नव्हतं ठरलं."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मीच दोन पिंजरे बांधले होते.

मी पाण्यात उतरले, गुडघाभर. सुनीता दुसऱ्या बाजूला. पिंजरा वर घेतला तशी वर तीन-चार पांढरी पोटं दिसली. मागून कोणीतरी चक् केलं. मग जाळी पाण्याबाहेर आली आणि तळाची सगळी चांदी एकदम उसळली. अशी उसळली की सरपंचाच्या पांढऱ्या कपड्यांवर पाणी उडालं.

मोजणी सरपंचानेच केली. एकेक बोटुकली जाळीतून बादलीत. साठपर्यंत मोठ्याने मोजत होता, सत्तरनंतर आवाज बारीक झाला. ऐंशीला बायकांनी मोजायला सुरुवात केली, त्याच्याऐवजी. सत्त्याऐंशीनंतर जाळीत फक्त मेलेली उरली.

डावा पिंजरा मोजायचं कारण नव्हतं, तरी मेहुण्यानेच मोजला. माणसाला पुरतं कळायला हवं असतं. नव्व्याण्णव निघाले. त्याने जाळं खांद्यावर टाकलं आणि सुनीताला विचारलं, "मीठ किती म्हणलं? शंभर लिटरला?"

"पाव किलो," ती म्हणाली. "खडेमीठ. आणि पाणी बोअरचं."

सरपंच म्हणाला, "बरं, कागद उद्या करू."

"कागद आणलाय," सुनीता म्हणाली आणि कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला करारनामा काढला. टेबल नव्हतं. पालथ्या ड्रमवर ठेवून सरपंचाने सही केली. बायकांनी एकेकीने खाली सह्या केल्या. दोघींनी अंगठे दिले, त्यांना कोणी हसलं नाही. सुनीताने सर्वांत शेवटी केली, पुरं नाव लिहून, वेळ घेऊन.

सरपंच पेन खिशाला लावत म्हणाला, "आज्जी, मग पहिली मासळी कवा खायाला घालणार?"

"होळी झाल्यावर," मी म्हटलं. "बांधावर ये, रांगेत उभा राहा आणि गटाकडून विकत घे."